रास्पबेरी पायचा जन्मक्रमांक मुलांना वाचता आला पाहिजे



आजचा विषय जरा तांत्रिक वाटेल. पण तो सुरू झाला माझ्या एका चुकीपासून, आणि ती चूक काही फार तांत्रिक नव्हती. मी भर वर्गात सातवीतल्या एका मुलीला खोटं ठरवलं. पुरावा म्हणून माझ्या हातात एक नंबर होता. नंबर खरा होता, पण तो नेमका कशाचा नंबर आहे हेच मला कळलं नव्हतं.

झालं असं. आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी आठ रास्पबेरी पाय बोर्ड दिले. ज्यांनी हा बोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, एटीएम कार्डाएवढ्या पट्टीवर बसवलेला, लिनक्सवर चालणारा हा पूर्ण संगणक आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला बोर्ड विक्रीला आला. आमचे आठही बोर्ड २०१६ साली निघालेल्या तिसऱ्या पिढीचे आहेत. यात हार्ड डिस्क नसते. सगळी यंत्रणा एका छोट्या मेमरी कार्डावर असते, कार्ड घातलं की बोर्ड चालू.

आठ कार्डं वेगवेगळी तयार करायला कोणाला वेळ आहे? मी एक कार्ड नीट तयार केलं, एकदा चालवून पाहिलं आणि त्याच्याच सात प्रती काढल्या. तुम्हीही हेच केलं असतं. माझ्या चुकीचं मूळ इथेच आहे.

उपक्रम साधा होता. आठ गट, प्रत्येकाला एक बोर्ड आणि एक तापमान मोजणारा सेन्सर. कोणी विहिरीजवळ, कोणी चिंचेखाली, कोणी वर्गात, दोन गट पत्र्याच्या छपराखाली. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवायचं आणि संध्याकाळी फाइल माझ्या लॅपटॉपवर पाठवायची. कोणी दुसऱ्याची फाइल उचलून आपली म्हणून देऊ नये म्हणून मी हुशारी केली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी बोर्डाचा 'मशीन-आयडी' आपोआप लिहिला जाईल अशी सोय केली. हा बत्तीस अंकी लांबलचक आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो असं मी वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या आणि पाचव्या गटाचे आकडे फार जवळचे दिसले. दुपारी दोनला दोघांकडे जवळपास सारखंच तापमान. संशय आला. मशीन-आयडी पाहिला तर दोन्ही फाइलींत तोच! मी वर्गात उभं राहून सांगितलं की पाचव्या गटाने तिसऱ्याची फाइल घेऊन दोन-चार आकडे बदललेत. पाचव्या गटाची प्रमुख मुलगी म्हणाली, "सर, आम्ही पत्र्याखालीच होतो." मी म्हटलं, "नंबर खोटं बोलत नाही."

हे वाक्य आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. तिने प्रोग्रॅममध्ये टाकण्यासाठी आपल्या सेन्सरचा क्रमांक वहीत उतरवून घेतला होता, २८ ने सुरू होणारा. तिसऱ्या गटाच्या मुलाकडून त्यांचाही उतरवून आणला होता. "सर, आमचा सेन्सरच वेगळा आहे. मग बोर्ड एक कसा?" मी काही बोललो नाही. शाळा सुटल्यावर मात्र आठही फाइली उघडल्या. आठही फाइलींत एकच मशीन-आयडी! म्हणजे माझ्या पुराव्यानुसार आठही गटांनी एकाच बोर्डावर काम केलं होतं. मी फक्त दोन फाइली पाहून निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर वर्गात मी त्या गटाची माफी मागितली. ती मागायलाच हवी होती, त्यात मोठेपणा काही नाही. पण त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. ज्या मुलांच्या हाती आपण असे बोर्ड देतो, त्यांना त्या बोर्डाचा खरा क्रमांक स्वतः वाचता आला पाहिजे. आणि त्या क्रमांकावरून काय सिद्ध होतं, काय होत नाही, हे आधी आपल्या शिक्षकांना कळलं पाहिजे.

आता नेमकं काय चुकलं ते पाहू. मशीन-आयडी हा यंत्राचा क्रमांक नसतोच. तो लिनक्सने पहिल्यांदा सुरू होताना स्वतःसाठी तयार केलेला आकडा आहे आणि तो मेमरी कार्डावरच्या एका फाइलीत पडून असतो. कार्डाची प्रत काढली की तोही प्रतीत जातो. बैलपोळ्याला आठ बैलांवर एकच नाव शिवलेल्या झुली घातल्या तर झुलीवरून बैल ओळखता येईल का? मी नेमकं तेच केलं होतं. बैल ओळखायचा तर त्याच्या कानातला पिवळा बिल्ला बघायला हवा. आमच्या गावात पोरांना हे लगेच पटतं, कारण गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या कानात तो बारा अंकी बिल्ला त्यांनी पाहिलेला असतो.

गंमत म्हणजे मशीन-आयडी तयार करणाऱ्या मंडळींनीच त्यांच्या माहितीपत्रात लिहून ठेवलंय की हा आकडा गोपनीय समजावा आणि नेटवर्कवर उघड करू नये. मी तो दर दहा मिनिटांनी प्रत्येक ओळीला लावत होतो. माहितीपत्र आधी वाचायचं असतं हे आपण मुलांना सांगतो, नाही का?

मग बोर्डाच्या कानातला बिल्ला कुठे असतो? रास्पबेरी पायच्या मुख्य चिपच्या आत थोडी अशी मेमरी असते जिच्यात एकदाच लिहिता येतं. कारखान्यात तिच्यात त्या चिपचा क्रमांक कोरला जातो. कार्ड बदला, यंत्रणा पुसून नव्याने टाका, बोर्ड वर्षभर कपाटात ठेवा, तो क्रमांक तसाच राहतो. मी त्याला जन्मक्रमांक म्हणतो. हा शब्द पुस्तकातला नाही, आमच्या वर्गातला आहे.

तो वाचायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. टर्मिनल उघडायचं, 'कॅट' ही आज्ञा द्यायची आणि पुढे 'प्रॉक' फोल्डरातल्या 'सीपीयूइन्फो' या फाइलीचा पत्ता लिहायचा. बरीच माहिती सरसर वर जाते, घाबरायचं नाही. शेवटच्या ओळींत 'सिरीयल' असा शब्द दिसेल, त्याच्यापुढचे सोळा अंक म्हणजे जन्मक्रमांक. आमच्या बोर्डांवर यातले पहिले आठ अंक शून्य असतात, खरी ओळख पुढच्या आठांत. पाय ४ वर हा आकडा शून्याने नाही, एकने सुरू होतो. मुलं लगेच विचारतात, "सर, अंकांत ए, बी, सी कुठून आले?" तुम्ही गणिताचे असाल तर हा प्रश्न म्हणजे मेजवानी. सोळाच्या पायाची संख्यापद्धती, नऊनंतर ए म्हणजे दहा आणि एफ म्हणजे पंधरा. अशा आठ स्थानांत किती क्रमांक मावतात? सोळाचा आठवा घात, ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. फळ्यावर हा गुणाकार करायला एक तास लागला, पण कोणी कंटाळलं नाही.

दुसरा रस्ताही सांगून ठेवतो, कारण सगळ्या लिनक्सवर 'सीपीयूइन्फो'मध्ये ही ओळ असतेच असं नाही. 'सिस' फोल्डरातून 'फर्मवेअर', त्यातून 'डिव्हाइसट्री', त्यातून 'बेस' असं आत गेलं की 'सिरीयल-नंबर' नावाची फाइल मिळते. तिच्यात फक्त क्रमांक असतो, बाकी पाल्हाळ नाही. पण तिथे एक खोडी आहे. या फाइलीच्या शेवटी नवी ओळ नसते, एक न दिसणारं शून्य चिन्ह असतं. त्यामुळे पडद्यावर क्रमांकाला चिकटूनच पुढची आज्ञेची ओळ दिसते. आणि पायथनमध्ये हा क्रमांक वाचून यादीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला तर संगणक म्हणतो, जुळत नाही! डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. आमच्या आठवीच्या पोरांनी यावर दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी एकाने अंक मोजून पाहायला सांगितलं तेव्हा सोळाऐवजी सतरा भरले. ते शेवटचं चिन्ह काढून टाकलं की काम होतं.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार आवडली, म्हणून थोडं थांबतो. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर त्या एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीतली सगळी पानं उघडून पाहता येतात. त्यातल्या २८ क्रमांकाच्या ओळीत जन्मक्रमांक असतो. आणि २९ व्या ओळीत तोच क्रमांक उलटा केलेला, म्हणजे जिथे एक तिथे शून्य आणि जिथे शून्य तिथे एक. याचा परिणाम असा की दोन ओळी एकाखाली एक मांडल्या तर प्रत्येक स्थानावरच्या दोन अंकांची बेरीज पंधराच येते. तीनखाली सी येतो, एखाली पाच. क्रमांकात काही बिघडलं तर बेरीज चुकेल आणि लगेच कळेल. हातच्याची बेरीज शिकवताना ताळा कसा पाहायचा हे आपण सांगतोच, इथे चिपने स्वतःच ताळा लिहून ठेवलाय.

आणि त्या मुलीच्या वहीतला सेन्सर? त्याचं नाव डीएस१८बी२०, बाजारात सहज मिळतो. त्याच्याही आत कारखान्यात कोरलेला क्रमांक असतो. लिनक्समध्ये त्याचं फोल्डर २८ या आकड्याने सुरू होतं. तो २८ म्हणजे सेन्सरच्या जातीचा, कुळाचा आकडा. त्यापुढचे बारा अंक त्या एकट्या सेन्सरचे. एकाच तारेवर असे अनेक सेन्सर जोडता येतात आणि बोर्ड प्रत्येकाला क्रमांकाने हाक मारून तापमान विचारतो. हजेरीपटासारखंच. तिने तो उतरवून घेतला होता म्हणून तिला आपली बाजू मांडता आली. ज्या गटांनी नुसतं शेजारच्याचं पाहून टाइप केलं होतं त्यांच्यावर मी हाच आळ घेतला असता तर त्यांच्याकडे दाखवायला काय होतं?

माझे काही सहकारी म्हणतात, हे अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येणार नाही, बोर्डावर स्टिकर चिकटवा आणि मोकळे व्हा. स्टिकर आम्हीही लावतो. पण स्टिकर माणूस लावतो आणि माणूसच काढतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आपण 'संगणक बोर्ड, नग ८' असं लिहून सही करतो. उद्या एखादा दुरुस्तीला गेला आणि परत आलेला तोच आहे की दुसरा, हे त्या नोंदीवरून कसं सांगणार? मी आता रजिस्टरमध्ये प्रत्येक बोर्डापुढे त्याचा जन्मक्रमांक लिहिला आहे, सोबत मेमरी कार्डाचाही. हो, कार्डालाही स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि तो कार्डाबरोबर फिरतो. या दोन्हींची गल्लत करू नका. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांना तर वीस लाखांपर्यंतचं अनुदान मिळतं, तिथे हे व्हायलाच हवं असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू, आणि ती पालकांसाठी जास्त महत्त्वाची आहे.

माझा हा उद्योग पाहून एका सहकारी सरांनी सुचवलं की प्रत्येक मुलाला एक बोर्ड कायमचा ठरवून द्या, बोर्ड चालू झाला की त्याच्या क्रमांकावरून मुलाची हजेरी आपोआप लागेल, किती वेळ काम केलं तेही कळेल. कल्पना ऐकायला छान आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. बोर्ड चालू होता एवढंच क्रमांक सांगतो. त्याच्यापुढे कोण बसलं होतं हे तो सांगत नाही. मी एकदा यंत्राच्या नंबरावरून मुलांबद्दल निकाल दिला आणि तोंडावर पडलो, तेव्हा तो नंबर चुकीचा होता. नंबर बरोबर असता तरी बोर्डावरून मुलाकडे उडी मारणं चूकच होतं. मुलं बोर्ड बदलतात, एकमेकांना मदत करतात, आणि त्यांनी ते करावं.

शिवाय हा क्रमांक गुप्त नाही. बोर्डापुढे बसणारा कोणीही तो वाचू शकतो आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्याचा लिहून 'मी तो बोर्ड' म्हणू शकतो. रोल नंबर सगळ्या वर्गाला माहीत असतो म्हणूनच तर प्रॉक्सी हजेरी लागते. क्रमांक म्हणजे नाव झालं, पासवर्ड नव्हे. कुलूप म्हणून त्याचा उपयोग झालाय तो वेगळ्या तऱ्हेने. २०१२ मध्ये जुन्या पायवर विशिष्ट प्रकारचे व्हिडिओ नीट चालवायला थोडे पैसे भरून परवाना-किल्ली घ्यावी लागे, आणि ती किल्ली त्याच बोर्डाच्या क्रमांकासाठी बनवलेली असे. शेजारच्या बोर्डावर ती चालत नसे. तिथे किल्ली बोर्डाला बांधली होती, माणसाला नाही.

चिपच्या क्रमांकावरून जगात मोठं भांडणही झालंय. १९९९ मध्ये इंटेलने पेंटियम थ्री बाजारात आणला तेव्हा त्याच्या आत ९६ बिटांचा क्रमांक घातला होता, सॉफ्टवेअरला वाचता येईल असा. या क्रमांकावरून इंटरनेटवर माणसाचा माग काढता येईल म्हणून अमेरिकेत खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. पुढच्या पिढीत, पेंटियम फोरमध्ये, इंटेलने तो क्रमांक ठेवलाच नाही. अलीकडचं उदाहरण तुमच्या खिशात आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला फोनचा आयएमईआय किंवा सिरीयल क्रमांक वाचता येत नाही. कारण सोपं आहे. ॲप काढून टाकता येतं, खातं बदलता येतं, पण कोरलेला क्रमांक बदलता येत नाही. एकदा तो मुलाच्या नावाशी जोडला गेला की फोन हातात असेपर्यंत जोडलेलाच राहतो.

म्हणून पालकहो, शाळेने किंवा शिकवणीने मुलाला टॅबलेट दिला आणि "यावरून आम्हाला सगळं कळतं" असं सांगितलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा. तुम्ही क्रमांक कशाचा वाचता, यंत्राचा की त्यातल्या सॉफ्टवेअरचा? आणि तो माझ्या मुलाच्या नावापुढे कुठे लिहून ठेवता? उत्तर देणाऱ्याला पहिल्याच प्रश्नाला अडखळायला झालं तर त्याच्या 'सगळं कळतं'वर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. मीही त्या दिवशी अडखळलोच असतो.

आमच्या वर्गात आता काय चालतं ते सांगतो. प्रतीच्या कार्डावरची मशीन-आयडीची फाइल आम्ही रिकामी करून ठेवतो, म्हणजे प्रत्येक बोर्ड सुरू होताना आपली नवी तयार करून घेतो. तापमानाच्या ओळींत बोर्डाच्या जन्मक्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि सेन्सरचे शेवटचे चार अंक लिहिले जातात, ओळखायला तेवढे पुरतात. आठ बोर्डांत शेवटचे चार अंक कोणाचे सारखे नाहीत, हे मुलांनीच तपासलं. मुलांची नावं फक्त गटाच्या वहीत, त्यांच्याच अक्षरात. आणि जूनमधल्या पहिल्या तासाला कोणताही प्रोग्रॅम शिकवण्याआधी प्रत्येक गट आपल्या बोर्डाचा क्रमांक वाचतो आणि रजिस्टरशी ताडून पाहतो.

यंदा त्या तासाला चौथ्या गटाने हात वर केला. "सर, आमचा जुळत नाही." सहावा गटही म्हणाला, आमचाही नाही. उन्हाळ्यात कपाट साफ करताना दोन बोर्डांचे स्टिकर सुटले होते आणि मीच ते उलटसुलट चिकटवले होते. मुलांनी रजिस्टर हातात घेऊन स्टिकर बदलले आणि खाली दोन्ही गटप्रमुखांनी तारीख टाकून सही केली. मला सही मागितली नाही.